अठ्ठेचाळीस अंशांची नोंद

१

सोमवारी सकाळी कार्यालय सांभाळणाऱ्या उषाने जळगावच्या पिंप्राळ्यातलं कुलूप काढलं, सवयीने लोखंडी कपाट उघडलं आणि तशीच मागे सरून खुर्चीत बसली. वरच्या कप्प्यात बारा वर्षांच्या बारा नोंदवह्या रांगेत उभ्या असायच्या. कप्पा रिकामा होता. दाराचं कुलूप शाबूत, कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात जिथल्या तिथे, आणि वह्या मात्र गायब.

तासाभरात कुसुमलता ओसवाल स्कूटरवरून येऊन पोचल्या. वय बासष्ट. तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसानीची तपासणी केलेली बाई. आग लागली की लावली, हे नुसत्या राखेवरून सांगायच्या. व्यापाऱ्याच्या घरातली मुलगी जळक्या गोदामांतून हिंडते म्हणून घरचे आधी हसले, मग रागावले आणि शेवटी आपापल्या गोदामाला आग लागली की तिलाच बोलावू लागले.

त्यांना फोन केला होता डॉ. सरिता पावराने. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर वाढलेली सरिता जळगावच्या कॉलेजात शिकवत होती. वेधशाळा सांगते ते तापमान सावलीतलं. पण पत्र्याखाली राबणाऱ्या माणसाच्या डोक्यावर खरा उष्मा किती असतो, ते तिने बारा वर्षं मोजलं होतं. घरांत, केळीच्या पॅकिंग शेडमध्ये, धुळ्यातल्या यंत्रमागांच्या खोल्यांत. आकडे लिहिले होते तिथेच राहणाऱ्या चाळीस बायांनी, आपापल्या छोट्या वह्यांत; वर्षअखेरीस त्या एकत्र शिवल्या की त्या वर्षाची नोंदवही व्हायची. त्या आकड्यांमुळे कित्येक ठिकाणी कामाच्या वेळा बदलल्या, पत्र्यांना चुना लागला, माणसं वाचली. म्हणूनच पुण्याच्या एका संस्थेने ‘वातावरण आणि मानवकल्याण’ पुरस्कारासाठी तिचं नाव काढलं होतं. गुरुवारी समिती मूळ वह्या तपासायला येणार होती.

“पोलिसांत गेलीस?” कुसुमलताबाईंनी विचारलं.

“गेले. म्हणाले, वह्याच ना मॅडम, दागिने तर नाहीत.”

“मग समितीकडून तारीख वाढवून घे.”

“नाही घेणार, ताई.” सरिताचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. “अडाणी बायांचे आकडे कोण मानणार, हे बारा वर्षं ऐकतेय मी. आता तारीख मागितली की सगळे म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? वह्या असोत नसोत, गुरुवारी मी समितीसमोर उभी राहीन.”

कुसुमलताबाई खोलीभर फिरल्या. शनिवारी संध्याकाळी धुळीचं वादळ झालं होतं. दोन्ही खिडक्यांच्या कड्यांवर धुळीचा थर जसाच्या तसा होता, त्यावर बोट उमटलेलं नव्हतं. कोपऱ्यात कुलर होता.

“यात पाणी कोण भरतं?”

“मीच. मागच्या नळाला पाइप लावून,” उषा म्हणाली आणि कुरकुरली, “पाण्यावरून आठवलं काकू, शनिवारी जाताना प्यायच्या पाण्याचा भरलेला जार ठेवला होता. आज त्यात थेंब नाही. चोराला एवढी तहान?”

“वीस लिटर?” कुसुमलताबाई थांबल्या. कॅलेंडरच्या मागून एक हिरवा ठिपका दर थोड्या वेळाने चमकून विझत होता. “आणि हे काय लुकलुकतंय?”

सरिताने कपाळाला हात लावला. काड्यापेटीएवढं ते यंत्र तिने खिळ्यावरून काढलं.

“आमच्या ईश्वरने शुक्रवारी चाचणीसाठी लावलं होतं. ताई, हे दर पाच मिनिटांनी खोलीतलं तापमान आणि दमटपणा नोंदवतं. इथे कोण आलं ते याला कळणार नाही, पण खोलीचं काय झालं ते याच्यात सगळं असेल!”

२

छापून काढलेल्या कागदावर शनिवारच्या रात्रीत वेगळं काही नव्हतं. रविवारी दुपारी दोनला एकेचाळीस अंश, दमटपणा पंधरा टक्के. दोन वाजून दहा मिनिटांनी रेषा हलल्या. तापमान छत्तीसवर घसरलं, दमटपणा चढत चढत त्र्याऐंशीवर गेला. तीननंतर दोन्ही रेषा हळूहळू परत फिरल्या.

“कुलर लावला होता,” सरिता म्हणाली. “जवळजवळ तासभर.”

“बारा वह्या उचलायला तास लागत नाही. तो बसून वाचत होता, एखादी नोंद शोधत होता. सापडल्यावर सगळ्याच घेऊन गेला, म्हणजे कुठली वही हवी होती ते आपल्याला कळू नये. दाराच्या किल्ल्या किती?”

“तीन. एक माझ्याकडे. शनिवारी उषा बंद करून गेली ती तीच, संध्याकाळी मला घरी आणून दिली, आज सकाळी परत घेऊन आली. दुसरी ईश्वरकडे.” सरिता जरा अडखळली. “तिसरी घरमालक ट्रस्टकडे.”

ट्रस्ट म्हणजे दीपचंद ओसवाल, कुसुमलताबाईंचे थोरले भाऊ. त्याचं सगळं कामकाज बघायचा त्यांचा मुलगा संयम.  कुसुमलताबाईंनी कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

ईश्वर अकरा वाजता आला. सरिताचा मदतनीस, सात वर्षं याच आकड्यांत बुडालेला तिशीचा माणूस. चोरीचं ऐकून तो थेट रिकाम्या कप्प्यापाशी गेला.

“रविवारी दुपारी कुठे होतास, भाऊ?”

“घरी. नशिराबादला. टीव्हीवर मॅच बघत होतो.”

“कोणती मॅच? माझी एक मैत्रीण तुझ्याच गल्लीत राहते. हायवेच्या कामात केबल तुटली म्हणून काल तिथे बारापासून पाचपर्यंत वीज नव्हती. ती मला फोनवर महावितरणच्या नावाने बोटं मोडत होती.”

ईश्वरने खुर्ची ओढून घेतली. “पुरस्काराच्या कागदावर माझं नाव नाही,” तो म्हणाला. “सात वर्षं उन्हातान्हात यंत्रं मी लावली. पण वह्या मी नेल्या नाहीत, काकू. आईची शपथ.”

“मग खोटं का बोललास?”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. त्याने झडप घातली, पण कुसुमलताबाईंनी नाव वाचलं होतं. डॉ. विक्रम, धुळे. याच पुरस्काराच्या यादीत ज्याचं नाव दुसरं होतं, तो माणूस!

३

मंगळवारी दुपारी कुसुमलताबाई धुळ्याला पोचल्या तेव्हा रस्ते ओस पडले होते. डॉ. विक्रम घरीच होते. पन्नाशीचे, तिरसट आणि स्पष्ट. पाहुणीला बसवून त्यांनी आधी समोरची खिडकी सताड उघडली, मग कुलरचं बटण दाबलं.

“हवेला बाहेर जायला वाट नको का? नाहीतर बसल्या जागी घामाने आंघोळ व्हायची,” ते म्हणाले. “बोला. मी चोर आहे का, हे विचारायला आलात ना?”

“आहात का?”

“ईश्वर रविवारी दुपारी एक ते चार याच खुर्चीत बसला होता. माझ्याकडे नोकरी मागायला आला होता, म्हणून लपवत असेल. आता तुम्ही म्हणाल, आम्ही दोघं सामील आहोत.” ते पुढे वाकले. “बाई, सरिता पावराचं आणि माझं पटत नाही. बायांच्या हातचे आकडे भोंगळ असतात, हे मी तिला भर सभेत सांगितलंय. पण मला लढायचं तर मी छापून लढेन. वह्या चोरून जिंकायला मी काय भुरटा आहे?”

कुसुमलताबाईंना हा माणूस आवडला नाही, पण खरा वाटला. “तिच्या कामात कोणाला झोंबेल असं काय आहे?”

“एकच आकडा. सहा वर्षांपूर्वीचा मे महिना, सातवी वही. रावेरकडच्या एका पॅकिंग शेडमध्ये दुपारी तीनला अठ्ठेचाळीस अंश. त्याच दुपारी तिथे एक बाई मेली होती. मी सरिताला म्हटलं, हा एक आकडा गाळ, उरलेलं काम सगळे डोक्यावर घेतील. ती म्हणाली, गाळला तर उरलेलं काम कशासाठी केलं? आता समिती सगळ्या वह्यांची पानं संकेतस्थळावर खुली करणार आहे. मालकाचं नाव तिने आपल्या शोधलेखात छापलं नव्हतं, वहीत मात्र असणार.”

कुसुमलताबाईंनी अंगणात उभं राहून सरिताला फोन लावला. “सातव्या वहीतली ती शेड कोणाची?”



“ताई, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुमच्या भावाची. तेव्हा सगळा कारभार संयमच बघत होता.”

४

जळगावला परत येताना बसमध्ये कुसुमलताबाईंना एकच गोष्ट डाचत होती. सहा वर्षांपूर्वी भावाच्या घरी जेवताना हा विषय निघाला होता. संयम आत्याला म्हणाला होता, “बिचारीला जुनं हृदयाचं दुखणं होतं, भुआ.” आणि राखेला प्रश्न विचारणाऱ्या या बाईने तेव्हा एकही प्रश्न विचारला नव्हता. वाढलेलं निमूट खाल्लं होतं.

बुधवारी सकाळी त्या भावाच्या घरी गेल्या. दिवाणखान्यात एसीचा गारवा पसरला होता. दीपचंद, संयम आणि संयमची बायको रूपल तिघंही तिथेच होते. कुसुमलताबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

“संयम, वह्या दे.”

“कुठल्या वह्या, भुआ?”

“रविवारी दुपारी दोन ते तीन तू पिंप्राळ्यात होतास. किल्ल्या तीन. एक सरिताकडे, आणि ती स्वतःच्या बारा वर्षांवर पाणी सोडणार नाही. दुसरी ईश्वरची, आणि तो त्या वेळी धुळ्यात होता. तिसरी तुझ्याकडे.”

“धुळ्यात होता म्हणून कोण सांगतं? तो विक्रमच ना? दोघं एकमेकांना वाचवताहेत.”

“बरं, त्यांचा शब्द सोडून देऊ. ज्याने वह्या नेल्या त्याला कुठली नोंद कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, तासभर शोधावी लागली. ईश्वरला सगळ्या वह्या तोंडपाठ आहेत. त्या माणसाने कुलरमध्ये प्यायच्या पाण्याचा जार ओतला, कारण मागच्या नळाचा पाइप त्याला माहीत नव्हता. ईश्वर तो पाइप रोज बघतो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. त्याने कुलर लावला आणि खिडक्या बंद ठेवल्या. कड्यांवर शनिवारची धूळ तशीच होती, दमटपणा त्र्याऐंशीवर गेला होता. त्या भट्टीत तो घामाघूम होऊन बसला, पण खिडकी उघडावी हे त्याला सुचलं नाही.” त्यांनी संयमकडे रोखून पाहिलं. “ईश्वर पत्र्याच्या घरात वाढला. विक्रम आधी खिडकी उघडतो, मग बटण दाबतो. जळगाव-धुळ्यात शेंबड्या पोरालाही हे कळतं. कळत नाही ते फक्त जन्मभर एसीत बसलेल्या माणसाला. त्याला वाटतं, गारवा हवा तर दारंखिडक्या लावून घ्यायच्या. या घरात किल्लीपर्यंत पोचणारे पुरुष दोन. आणि माझ्या भाईसांचे गुडघे असे, की भरलेला तांब्यासुद्धा त्यांना कोणीतरी हातात द्यावा लागतो.”

संयम हसला, पण ओठांपुरतंच. “दमटपणावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही, भुआ.”

“कुसुम,” दीपचंद हळूच म्हणाले, “घरची गोष्ट घरात राहू दे. संयमने तेव्हा सरकारी अधिकाऱ्यासमोर लिहून दिलंय, शेडमध्ये अडतीस अंश होते, कुलर चालू होते. तो कागद खोटा ठरला तर पोरगा आत जाईल. तू या घरची लेक आहेस.”

“आणि तुमच्या शेडमध्ये मेलेली ती पुनम कोणाच्या घरची होती, भाईसा? तिथले आकडे लिहिणाऱ्या दगडीबाईची सून होती. सव्वीस वर्षांची.”

 रूपल उठली. आत गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर वह्यांची चळत होती.

“रूपल!” संयम ओरडला.

“मी वाचलंय ते,” ती म्हणाली.  “ती बाई मेली तेव्हा मी या घरात नव्हते. आता आहे, म्हणून गप्प बसू? घ्या, भुआसा.”

कुसुमलताबाईंनी सातवी वही उपसली. त्यातल्या शेडच्या भागातली मे महिन्याची पानं भराभर उलटली. चौदा, पंधरा, सोळा. आणि मग थेट अठरा. शिवणीला फक्त फाटका काठ लोंबत होता.

“सतरा तारखेचं पान जाळलं मी,” संयम शांतपणे म्हणाला. “आता काय सिद्ध करणार?”

५

गुरुवारी समितीची तीन माणसं कार्यालयात आली. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, सौम्य, आयुष्यभर ढगांचा अभ्यास केलेले. त्यांनी दुपारपर्यंत वह्या तपासल्या, जिथे यंत्रं होती तिथले आकडे यंत्रांच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मग फाटक्या काठावर बोट ठेवलं.

“डॉक्टर पावरा, काम उत्तम आहे. या एका शेडचा भाग आपण वगळू. तिथे यंत्र नव्हतं आणि आता पानही नाही, मग इलाज नाही. पुरस्काराला त्याने बाधा येणार नाही.”

“मग पुरस्कार राहू द्या,” सरिता म्हणाली.

“अहो, एका आकड्यासाठी?”

“तो आकडा माणूस मेल्याचा आहे, सर. तो वगळून मला मानवकल्याणाचा सत्कार नको.”

दाराशी बसलेली दगडीबाई उठली. साठीची, काळीसावळी, उन्हाने रापलेली. ती शिरपूरकडून पोटासाठी रावेरला आलेली. अक्षर तिला येत नव्हतं; सरिताने शिकवले तेवढे आकडेच यायचे.

“ते पान मी लिखेल शे,” ती अध्यक्षांना आपल्या अहिराणीत म्हणाली. “कागद फाडाई गया, मनं डोकं नही फाडाई गयं. बठ्ठा आकडा माले पाठ शेतस. मी सांगस, तुम्ही लिखा.”

अध्यक्षांनी नकळत पेन उचललं.

“सकायना आठले चौतीस. मंग छत्तीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. बाराले चव्वेचाळीस. एकले सेहेचाळीस. दोनले सत्तेचाळीस. तीनले अठ्ठेचाळीस.” ती थांबली. “त्याना मांगे काहीच नही.”

 अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण पाठांतर म्हणजे पुरावा नव्हे.”

कुसुमलताबाई मात्र दगडीबाईच्या हाताकडे बघत होत्या. सकाळी तिने हजेरीच्या कागदावर सहीऐवजी आपला क्रमांक लिहिला होता. पेन मुठीत धरून, खुरप्यासारखं रोवून. टेबलाच्या फळीवरही तिथे वळ उमटला होता. पन्नाशीत लिहायला शिकलेला हात. असा हात एकाच पानावर लिहीत नाही!

“सर, अठरा तारखेचं पान बघा,” त्या म्हणाल्या. “वर लिहिलेलं नको, कागद बघा. खिडकीपाशी या. आडवं धरा.”

अध्यक्षांनी वही उन्हात तिरपी धरली. अठरा तारखेला दुसऱ्याच कोणी भरलेल्या शाईच्या आकड्यांच्या अधेमधे, बिनशाईचे, नुसते दबलेले खळगे सावल्या टाकू लागले. त्यांनी वहीवर भिंग धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. चौतीस. छत्तीस. एकोणचाळीस. दुसरे सदस्य हातातल्या ताज्या कागदाशी ताडत होते. आठवा आकडा अध्यक्षांनी भिंगातून पुन्हा पाहिला.

“अठ्ठेचाळीस. आणि त्याच्याखाली... हा लांब ओरखडा कसला?”

“तव्हय पुनम पडनी,” दगडीबाई म्हणाली. “मना हातमाईन पेन सरकना.”

उषाने तोंडाला पदर लावला. सरिता भिंतीकडे वळली. अध्यक्षांनी वही मिटली नाही. तशीच उघडी, दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवली आणि दगडीबाईला स्वतःची खुर्ची दिली.

“शेड वगळायची नाही,” ते आपल्या सहकाऱ्यांना म्हणाले. “अहवालाची सुरुवात तिथूनच करू. मालकाच्या नावासकट.”

“माझी आणखी एक अट आहे,” सरिता म्हणाली. “पुरस्काराच्या कागदावर चाळीसही नोंदकऱ्यांची नावं हवीत. आणि ईश्वरचं. ती माझी चूक होती.”

 ईश्वरने उठून दोन्ही खिडक्या उघडल्या आणि पाहुण्यांसाठी कुलर लावला.

६

शुक्रवारी सकाळी कुसुमलताबाई दगडीबाईला घेऊन रावेरच्या पोलीस ठाण्यात गेल्या. बाहेर केळीने भरलेले ट्रॅक्टर एकामागे एक चालले होते. पुनमच्या मृत्यूचा तपास पुन्हा उघडावा, खोट्या जबाबाची आणि जाळलेल्या पानाची दखल घ्यावी, असा दगडीबाईचा अर्ज होता. साक्षीदार म्हणून कुसुमलताबाईंचा जबाब होता. चार पानं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, खाडाखोड न करता.

त्यांचा फोन सकाळपासून वाजत होता. दीपचंद. मग वहिनी. मग समाजातले दोन वजनदार काका. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी एकदाच उचलला होता. भाऊ म्हणाला होता, “आज सही केलीस तर या घराचा उंबरा तुला बंद.” त्या म्हणाल्या होत्या, “बरं.” आणि मग विचारलं होतं, “रूपलला कोणी काही बोललं का? बोललात तर त्याचाही जबाब देईन. माझ्या घरी तिच्यासाठी खोली रिकामी आहे, तिला सांगून ठेवलंय.”

ठाणे अंमलदार पोक्त वयाचे होते. ओसवालांना सारा तालुका ओळखत होता, तसे तेही ओळखत होते. जबाब वाचून त्यांनी हळूच दार लोटलं.

“बाई, एक सुचवू? इथे साक्षीदाराचं संशयिताशी नातं असा रकाना आहे. हा मोकळा सोडू. उगाच उद्या पेपरात येईल, चर्चा होईल. तुमचंच घर आहे.”

दगडीबाईने त्यांच्याकडे बघितलं, मग कुसुमलताबाईंकडे.  ती सहा वर्षं थांबली होती. आणखी एक मिनिट थांबायला तिची हरकत नव्हती.

कुसुमलताबाईंनी कागद स्वतःकडे ओढला.

“मोकळा कशाला?” त्या म्हणाल्या आणि ठळक अक्षरांत लिहिलं : सख्खी आत्या. मग त्याखाली सही ठोकली. “घ्या. आता पोच द्या. शिक्क्यासकट.”